निवडक बारा

निपाणीच्या स्टँडमागं, चप्पल शिवणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान. आधी कॅसेटी, आता पेन ड्राइव्ह.
निंगव्वा तळवारची निवडक बारा गाणी,
शंभर रुपये. कव्हरवर आधार कार्डातला फोटो,
दुसरा नव्हताच.

निवडायला तीन रात्री गेल्या.
सहा मराठी, सहा कन्नड, उगाच भांडण नको.
पोरानं कॉम्प्युटरवर आवाज धुऊन काढला:
ढोलकीमागची कोल्हापूर गाडी गेली,
वखारीतल्या बायांचं हसणं गेलं,
आणि दोन कडव्यांमधला तिचा खोकला.
तंबाखूचा खोकला तो,
पण तालात यायचा.

तेरावं राहिलं.
त्यात ती नवऱ्याला मराठीत शिव्या घालते
आणि जेवायला हाक मारते कन्नडात.
कुठल्या सहात बसवायचं?

काल पहिली प्रत घेऊन अक्कोळला गेलो.
उंबऱ्यात बसून, मोबाइल कानाला लावून
तिनं सगळं ऐकलं.
तिसऱ्या गाण्यात, कडवं संपलं तिथं,
खोकली.
मग फोन परत देत म्हणाली,
"बरी गातीया की.
कुठली रं ही बाई?"