इतिवृत्त

ग्रिम्सबीच्या त्या चॅपलमध्ये सव्वीस वर्षं
सभांची टिपणं मी घेतली.
माणसं भराभर बोलत, म्हणून पेन्सिलीनं, मराठीत.
जालन्याच्या मिशन शाळेतलं माझं गिचमिड अक्षर.
"तुझ्या मुंग्या," म्हणायचे रेव्हरंड प्रॉक्टर, कौतुकानं.
मग घरी बसून इंग्रजीत पक्की प्रत टाइप करायची,
आणि कच्चे कागद बिस्किटांच्या डब्यात.
आईची सवय. लिहिलेलं काही चुलीत घालायचं नाही.

तो डिसेंबरातला बुधवार. हीटर बंद पडलेला.
विषय पहिला, छताची गळती. दुसरा, नाताळचा चहा.
तिसरा, हेस्टर पॉग्सन.
नवरा काय करतो ते तिनं पाळकांना
एकांतात सांगितलं होतं.
नवरा आमचा खजिनदार. समोरच बसलेला,
अर्पणाची नाणी मोजून काळी पडलेली बोटं
टेबलावर नीट जुळवून.
ते एकांतातलं पाळकांनी वडीलजनांपुढे ठेवलं.
प्रार्थनेसाठी, म्हणाले.

हेस्टर आली. कोट काढला नाही.
डाव्या कानामागे पिवळं पडत चाललेलं काहीतरी.
मी नर्स. निळ्याचं पिवळं व्हायला
किती दिवस लागतात, मला ठाऊक होतं.

घरातलं वेशीवर टांगलंस, क्षमा माग.
ती गप्प.
माग. आम्ही थांबतो. रात्र आपलीच आहे.
माझ्या कागदावर वेळा आहेत:
सात-वीस. सात-चाळीस. आठ-पाच.
आठ-दहाला तिनं मागितली.
खाली मी लिहिलं होतं: तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
इंग्रजी करताना मी त्याचं "चर्चा" केलं.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी मसुद्यात एकच शब्द घातला.
स्वेच्छेने.
इस्त्री केलेला, देखणा शब्द.
मी टाइप केला. त्यांनी विचारलं, झालं?
मी म्हटलं, झालं.

त्याला नऊ वर्षं झाली.
हेस्टर हलला राहते आता. एकटी.
एवढ्या वर्षांत तिचं एकच कार्ड आलं, गेल्या महिन्यात.
शुभेच्छा नाहीत, वचन नाही.
एवढंच: डबा अजून आहे का?

काल पाळकांचा निरोपसमारंभ.
चांदीची थाळी, तिच्यावर कोरलेला मेंढपाळ.
खजिनदाराचं भाषण, विषय करुणा.
मग विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे?
साक्ष म्हणजे आमच्यात, प्रभूनं माझा ताप उतरवला,
मुलाला नोकरी मिळाली, असं.
पण कोर्टातही हाच शब्द चालतो, निदान मराठीत.
मी डबा घेऊन उभी राहिले.

आधी मराठीतच वाचलं.
कुणाला कळत नव्हतं, तरी प्रॉक्टरांना कळलं.
"पॉग्सन" हा शब्द कुठल्याही भाषेत पॉग्सनच.
मग इंग्रजीत, एकेक ओळ, वेळेसकट.
कुणीतरी ऑर्गनवालीला खूण केली. ती वाजवू लागली.
वाजवू दे. वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला
हाक जाईल असा आवाज
मी तीस वर्षं पगारावर कमावला आहे.
"चर्चा" खोडलं. "स्वेच्छेने" खोडलं,
सगळ्यांसमोर, त्याच पेन्सिलीनं.
बसा, प्रमिला, तुम्ही थकलात, असं पाळक म्हणाले.
बरोबर आहे. थकले मी.

पुढच्या बाकावरची दोघं उठून गेली.
मागून एक म्हातारी, जिचं नाव मला सव्वीस वर्षांत नीट कळलेलं नाही,
म्हणाली, मोठ्यानं वाच, मला ऐकू येत नाही.

शेवटी हजेरी वाचली, नियमाप्रमाणे.
त्या बुधवारी हजर: पाळक. चार वडील, त्यांत खजिनदार.
आणि टिपणं घेणारी, प्रमिला उजागरे.
सहा जण होतो आम्ही.
सात-वीसला कुणीही उठून दार उघडू शकलं असतं.
दाराच्या सगळ्यात जवळ मी होते.