खाच

यंग्जटाउनला शाळेची बस चालवते मी.
सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामध्ये
चार तास सांडलेले असतात.
ते मी लुबोमीर ह्राबोव्स्कीच्या स्वयंपाकघरात वेचते:
बँकेतून आणलेल्या सेंटच्या कागदी सुरळ्या फोडत,
भिंग डोळ्याशी, दिवा डावीकडून, तिरपा.

चाळीस वर्षं त्यानं साचे केले. मोटारींच्या दारांचे,
बिजागऱ्यांचे. नाण्यांचे एकदाही नाही.
पण पोलाद तेच, म्हणतो.
ठशाचा पहिला दाब बसला की ते ताठरतं,
माणसासारखं.
मग भट्टीत घालून नरमवायचं,
आणि त्याच जागी, अगदी त्याच जागी
दुसरा दाब.
तेव्हा कुठे केसभर सरकलं
की झालं.
साच्याच्या पोटातच दोन दोन आकडे, दोन दोन अक्षरं,
आणि त्यातून पडणारं प्रत्येक नाणं
तीच चूक घेऊन पडणार,
इमानानं.

जाड दिसलं म्हणून दुहेरी नसतं, हा पहिला धडा.
साचा म्हातारा होतो, अक्षरं सुजतात,
पाण्यात पडलेल्या पावासारखी.
तो थकवा. बाजूला ठेव.
दुसरा धडा पायरीचा.
सैल बसलेला साचा ठोका देऊन उठताना थरथरतो
आणि आकड्याची कड चेपून
एक सपाट, चकचकीत पायरी करून जातो.
तिथे काही वाढलेलं नसतं.
"ते दुसरं नव्हे गं. ते पहिल्याचंच नुकसान."
तिसरा धडा, खाच.
लिबर्टीतल्या टीच्या पायाशी, जिथे रेघ संपते तिथे
फांदीला असतं तसं बेचकं,
दोन्ही टोकं गोलसर, दोन्ही उंच.
खाच दिसली तर आधी श्वास घे.
मग बोल.

आईच्या बरणीतला सेंट मी पहिल्याच आठवड्यात नेला होता.
एकोणीसशे बहात्तर.
हा विकला की नवं छप्पर घालू, म्हणायची ती,
आणि गळक्या जागेखाली बादली सरकवायची.
लुबोमीरनं तो फिरवला, पुन्हा फिरवला.
पायरी.
अख्खं छप्पर त्या चकचकीत कडेवरून घसरलं.
त्यानं सेंट माझ्या तळहातावर परत ठेवला:
"एका सेंटचा आहे. तेवढा मात्र खरा आहे."

फेब्रुवारीत त्याच्या डोक्यात एक बारीकशी नस तुंबली.
हात वाचले, जीभ वाचली,
फक्त दोन डोळ्यांचं आपसात पटेनासं झालं.
कॉफीचे दोन कप. दोन खिडक्या, दोन्हींत बर्फ.
"तुझ्या बसला आता दोन ड्रायव्हर," म्हणतो,
"त्यातली कोणती वेळेवर पोचते?"
डॉक्टरांनी दिलेली डोळ्यावरची पट्टी
फ्रीजच्या दांडीला लटकते आहे.

हल्ली त्याला प्रत्येक सुरळीत घबाड सापडतं.
भिंग तो लावत नाही.
भिंगाला एक डोळा मिटावा लागतो,
आणि एक मिटला की सगळं एकेकच दिसतं.
हे मी त्याला बोललेले नाही.

बुधवारी त्यानं एक पुढे केला. पंचावन्नचा.
बोटं स्थिर, आवाज नाही.
"शेवटचा पाच बघ. सुटा आहे की नाही? बघ तरी."
मी दिवा डावीकडे घेतला. तिरपा.
पाच सुजलेला होता, त्याच्या शेजारचाही.
टीच्या पायाशी गेले. परत आले.
नाणं उलटं धरून पाहिलं,
एखादं खोटं बोलता येईल का, तेही पाहिलं.
श्वास घेतला.

"थकवा," मी म्हटलं.
"नक्की?"
"खाच नाही."

तो बराच वेळ दोन्ही सेंटांकडे बघत राहिला.
बाहेर माझी बस गार पडत होती, दोन वाजत आले होते.
मग त्यानं टेबलावरचं भिंग माझ्याकडे सरकवलं.
"दोन आहेत माझ्याकडे," म्हणाला.
"एक तू ठेव."