दोनदाणी, चारदाणी

बस. भिंग पूस आधी.
ओढणीनं नको, कडेच्या खाचेत धागा अडकतो.
आणि रंगावर जाऊ नकोस.
कागदावर रंग आठवडाभरसुद्धा टिकत नाही,
जांभळा तपकिरी होतो, पांढराही तपकिरी,
कपाटात साऱ्या वेली एकाच घरच्या दिसतात.

ही सोपी. हिला पानंच नाहीत.
पान म्हणून दिसतंय ते उपपर्ण,
बाणाच्या टोकासारखं, जोडीनं.
खऱ्या पानाची दोरी झाली
आणि दोरी शेजारच्या गव्हाला धरून उभी राहिली.
फूल पिवळं होतं. माझ्यावर विश्वास ठेव.

ही लाखोळी.
भंडाऱ्याची ना तू? मग ताटात ओळखतेस.
आता वेलीवर ओळख:
खोडाला दोन्हीकडून पातळ पंख,
शेंगेच्या पाठीवर दोन कडा.
बोट फिरव. हळू.
माझ्याहून मोठी आहे ती.

खरी भानगड पुढच्या तिघींची.
पहिली तरी धीट,
फूल मोठं, देठाचा पत्ता नाही, पानाच्या बगलेतच बसलेलं.
उपपर्णावर काळा ठिपका बघ. शाई नाही ती.
तिथं गोड पाझरतं, मुंग्या येतात.
या कागदावर एक मुंगीही दाबली गेलीय,
दिसली? मी झटकली नाही.
साक्षीदार आहे.

उरल्या दोघी.
दोन्ही सुतासारख्या, दोन्हींची फुलं तिळाएवढी,
दोन्ही गव्हात एकमेकींच्या गळ्यात गळा.
इथं भले भले घसरले.
आमचे देवपुजारी सर घसरले,
कन्हानच्या काठावरून जानेवारीत आणलेली ही वेल,
खाली त्यांचं वळणदार अक्षर:
‘दोनदाणी’.

माझी माय त्या दिवशी डबा घेऊन आली होती.
पंचफुला नाव तिचं.
हयात गेली कन्हानकाठी गहू निंदण्यात,
कागद तिनं दाराशी उभ्यानंच पाह्यला:
‘साहेब, थे हे नोहोय. हे चारदाणी.
दोनदाणीच्या शेंगेले लव असते, बोटाले समजते.
हे गुळगुळीत हाय.’
सर हसले. वाईट हसले नाहीत,
पण हसले,
आणि मला म्हणाले, डिंक आण.

मी डिंक आणला.
तेवढंच काम होतं माझं तेव्हा.

सव्वीस वर्षं ती वेल या कप्प्यात चुकीच्या नावानं झोपली.
सर निवृत्त झाले, माय गेली,
कन्हानकडच्या त्या धुऱ्यावर आता लॉन आहे, लग्नाचं,
कापलेलं गवत, सगळं एका जातीचं.
मग एका दुपारी, कूलरचं पाणी संपलेलं,
मी एक सुटी शेंग कागदाच्या पुडीतून काढली,
वाटीत कोमट पाण्यात भिजत घातली
आणि गुन्हा केल्यासारखा दाराकडे बघत राहिलो.

सुईनं उघडली.
एक. दोन.
इथं थांबलो मी, खरं सांगतो.
सरांचं मीठ खाल्लेलं.
तीन.
चौथा जरा पोचट होता, पण होता.

आता नियम ऐक, हा पुस्तकात शेवटी असतो, कुणी वाचत नाही.
जुनी चिठ्ठी फाडायची नाही.
खोडायची नाही, झाकायचीही नाही.
शेजारी नवी लावायची,
त्यावर नवं नाव, आणि कुणी ओळखलं त्याचं नाव.
चूकही इथं जपून ठेवतात, नॅप्थलिनच्या गोळ्या घालून.

म्हणून ही बघ छोटी चिठ्ठी, जरा वाकडी लागलीय:
‘चारदाणी.
ओळखणार: पंचफुला डोमाजी बारापात्रे.’
तारीख मी तिची टाकली,
डब्याच्या दिवसाची.
हे नियमात बसतं का, कुणाला विचारलं नाही.
तूही विचारू नकोस.

घे, आता हा कागद. यावर काही लिहिलेलं नाही,
शेंग कोवळी आहे, दाणे मोजता येणार नाहीत.
भिंग राहू दे.
डोळे मीट आणि लव आहे का सांग.