तारूचं तारण

डेस्मंड, खुर्ची आता तुझी.
डाव्या खणात शिक्के, उजव्यात बुडीत खाती.
खिडकी उघडायची तर सकाळीच उघड,
दहानंतर शिंपल्यांच्या कारखान्याचा वास आत येतो
आणि कर्ज मागायला आलेला माणूसही
त्याच वासाचा असतो; मग नाही म्हणणं जड जातं.

तू कायदा शिकून आलायस. बरं आहे.
मीही शिकले होते.
लुनेनबर्गच्या या पतपेढीतली माझी पहिली बोट:
‘ग्वेंडोलिन के.’, बावन्न फुटी, हिरवा पट्टा,
मालक लिअँडर कॉर्कम.
सर्वेक्षकाने हातोडीने सबंध बूड ठोकून ऐकलं,
कलिंगड पारखावं तसं.
विमा बघितला. नावातलं अक्षर न् अक्षर जुळवलं,
‘के’नंतरचा ठिपकासुद्धा.
आणि सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी
नोंदवहीत माझा बोजा चढला. पहिला.
त्या रात्री मला छान झोप लागली.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, तिला अटक झाली.
हो, बोटीलाही होते, माणसासारखी.
मार्शलने सुकाणूघराच्या काचेवर
चिकटपट्टीने वॉरंट डकवलं
आणि वारा त्याचं एक टोक सारखं सोडवत राहिला.

लिलाव झाला. मी हक्काने पुढे झाले.
कोर्ट म्हणालं, बाई, रांगेत.

पुढे पहारेकरी, रिकाम्या बोटीवर जागलेला.
मग खलाशी, चौघे, अकरा आठवडे पगार थकलेले;
स्वयंपाकी अ‍ॅम्ब्रोज झिंक टोपी हातात धरून.
मग खडकावरून ओढून आणणारी टगबोट.
मग डिझेल. दोर. बर्फवाला,
ज्याचा हिशोब खोक्याच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलने.
यांतल्या एकाचंही नाव कुठल्या वहीत नव्हतं.

मग मी.

समुद्राची रीतच ही.
ही देणी कागदाला नाही, लाकडाला चिकटतात
कालवांसारखी, पाण्याच्या रेषेखाली.
मालक बदला, रंग बदला, नाव बदला,
ती बोटीबरोबर पोहत राहतात.
धक्क्यावरून बघावं, तर पट्टा हिरवागार.

अठ्ठ्याऐंशी हजार डॉलर गेले.
संचालकांना सांगितलं, कायदाच तसा आहे.
खरं सांगू? मला अ‍ॅम्ब्रोजचा राग आला होता.
पैसे मोजून घेताना त्याने माझ्याकडे बघून
मान लववली, शेजाऱ्यापाजाऱ्यांत लववतात तशी.
मी तेव्हा फाईल चाळत राहिले.
ती मान परत करायला मला सात वर्षं लागली,
तीही त्याच्या बायकोच्या अंत्यविधीला.

आपण तारण म्हणतो.
कोण कोणाला तारतंय
हा रकाना आपल्या अर्जात नाही.
मी एकदा सुचवला होता. हसले सगळे.

तर बुधवारी गोदीवर जात जा. कोट जुना घाल.
डिझेलच्या पंपावर मर्ना असते.
थेट विचारू नकोस, ती कोणाचं नाव सांगणार नाही.
फक्त बघ, बोट धक्क्याला लागली
की ती नळी घेऊन उठते,
की आधी वही उघडते.
तेवढं बघून ये,
मग शिक्का मार.