मूल

धनरूप रोकाया आमच्या वाडीत आला
दिवाळीनंतर, आंब्याच्या राखणीला.
साडेतीनशे कलमं, एक विजेरी, एक कुत्रा,
पत्र्याची खोप आणि वानरांसाठी गलोल.
गाव कुठलं विचारलं तर उत्तरेकडे नाही,
वर बोट दाखवायचा,
माडाच्या शेंड्याच्याही वर.
हुम्ला, म्हणायचा. तिथून इथे यायला
चार दिवस पाय आणि तीन दिवस गाडी.

मी पंचायतीचा पंप चालवतो.
सकाळी सहाला बावीत सुंभ सोडायचा,
हात-हात अंतरावर गाठी मारलेला,
भिजल्या तेवढ्या गाठी वहीत लिहायच्या.
पौषात नऊ. माघात सात.
शिमग्याला पाच,
आणि पाचव्या गाठीला जीभ लावली तर खाडी.
हे पूर्वी वैशाखात व्हायचं.

एकदा तो कठड्याला टेकून बसलेला,
हातात फोन, पडदा विझलेला.
म्हणाला, "मूल सुक्यो."
सुंभ माझ्या हातातून सुटला.
मूल सुकणं मला माहीत आहे:
बरगड्या मोजता येणं, दृष्ट काढणं,
पहाटेच्या एसटीने देवगडचा डॉक्टर.
सत्यवतीने नाचणीच्या सत्त्वाची पुडी बांधून आणली.
"पोराक धाडून दी. केवढो आसा?"
आणि जमिनीपासून हात वर वर नेत राहिली,
तो थांब म्हणेल तिथे थांबायला.

तो पुडीकडे बघत राहिला.
हसला. मग हसू तसंच राहिलं तोंडावर,
आणि त्याने बोट खाली केलं, बावीत.
झरा. त्यांच्यात झऱ्याला मूल म्हणतात.

पुडी मात्र त्याने परत दिली नाही.

त्या दिवशी पंपाच्या आवाजावर आवाज चढवून बोलला,
हिंदीत, नेपाळीत, अडलं तिथे आमची मालवणी शिवी.
गावामागे बर्फाचा डोंगर.
बापाच्या वेळी बर्फ गोठ्याच्या दारापर्यंत यायचा.
मग काही वर्षं पाणीच पाणी,
पाट काठोकाठ, भर उन्हाळ्यातसुद्धा.
लोक म्हणाले देव पावला,
वरच्या टेकाडावरही जव पेरला.
कुणाला कळलं नाही की हे व्याज नव्हे,
मुद्दल उतरतंय.
आता पाटात सरडे.
आणि नदी आलीच कधी तर रात्री येते, दगड घेऊन.

फोनवर डोंगर दाखवला.
बर्फ सरकलेल्या जागी काळा, घासलेला खडक.
मला वाटलं आमचाच सडा,
चार महिने धो धो अंगावर घेऊन
माघात ठणठणीत कोरडा.
आमच्याकडे मुद्दल कधी नव्हतंच म्हणा.
आभाळ रोख देतं
आणि दिवेलागणीच्या आत समुद्र वसूल करतो.

यंदा मोहोर दोनदा फुटला, दोनदा करपला.
बागायतदार म्हणाला, थंडीच पडली नाही,
वर बर्फ पडला असता तर इथे गारठा आला असता.
"नाही पडला, साहेब," धनरूप म्हणाला,
मान खाली घालून,
जणू राखणीत त्याच्याकडूनच कसूर झाली.

कलमांवर राखण्यासारखं काही राहिलं नाही,
म्हणून तो चैत्रातच निघाला.
जाताना दोन वाव सुंभ मागितला.
गाठी मी मारून देणार होतो.
नको म्हणाला, आणि स्वतःच मारल्या,
त्याच्या हाताच्या मापाने. माझ्याहून जवळ जवळ.
एसटी वळणाला गेली तरी कुत्रा थांबलेला.

त्या दिवशीची नोंद: गाठी तीन, चव खारट.
शेऱ्याच्या रकान्यात मी कधी काही लिहीत नाही.
त्या दिवशी लिहिलं, मूल सुकलं.

महिनाअखेरीला ग्रामसेवक सही करता करता थांबला.
"कुणाचं?" म्हणाला.