विनंती थांबा

एकोणीस वर्षं नांदेडच्या स्टँडवर
काचेमागं बसून मी बोलतोय:
किनवट, मांडवी, माहूरकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक सातवर लागत आहे.
लागत आहे म्हणालो
आणि लागली एकदाची, की पुढची.
मी कधी तिच्यात बसलो नाही.

यंदा रजा मिळाली ती दिवाळी उलटून गेल्यावर,
मार्गशीर्षात, हरभरा घाट्यावर आलेला असताना.
पोरगा पुण्याहून म्हणाला, गोव्याला जा, बुकिंग मी करतो,
तिथं रात्री दोनपर्यंत जाग असते.
शेजारचे गुट्टे महाबळेश्वरच्या घाटात
चार तास अडकून आलेले,
तरी म्हणाले, पण गेल्यासारखं वाटलं हो.
मी विचारलं, जिथं भोंगा नाही
असं एखादं ठिकाण सांगा.
कुणी सांगितलं नाही.

मग माझ्याच तोंडून झिजलेलं एक नाव
कंडक्टरला सांगितलं:
उनकेश्वर. एक फुल, एक हाफ.
बायकांना आता अर्धंच लागतं.
द्वारका म्हणाली,
बगा, निम्म्यातच आले मी तुमच्या सहलीला.

भोकर गेलं. हिमायतनगर. इस्लापूर.
ओठातल्या ओठात मी थांबे बोलत होतो
तोवर सागाचं रान सुरू झालं
आणि अभयारण्याची हिरवी पाटी आली,
रंग उडालेला बिबट्या, खाली अक्षरं:
हॉर्न वाजवू नये.
ड्रायव्हरनं वाजवला, सवयीनं,
मग स्वतःच ओशाळला.
मी मान वळवून पाटी पुन्हा वाचली.
सरकारनं माझ्या मनातलं
पहिल्यांदाच कुठं लिहिलं होतं.

दोन दिवस बोललो नाही.
सागाचं पान पडतं तेव्हा
पापड मोडल्यासारखा आवाज होतो,
हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणजे मीही कुणाला नाही.

पहाटे कुंडावर वाफ.
द्वारकानं नाकाला पदर लावला,
काडी विझवल्यावानी वास यायलाय.
पाण्यानं आधी टाचांची चौकशी केली,
मग गुडघ्यांची, मग खुर्चीत बसून बसून
आखडलेल्या कमरेची.
तळातून बुडबुडे वर येत होते,
कुणी बोलायला तोंड उघडावं
आणि राहू द्यावं, तसे.
पलीकडच्या पायरीवर एक बाई,
कोड कोपरापर्यंत चढलेलं,
ओंजळीनं हातांवर पाणी घेत होती,
घाई नसल्यासारखी.

द्वारकाचा पाय सरकला
आणि मी ओरडलो,
जपून, पायरी निसरडी आहे!

बाईनं वळून बघितलं.
तुम्हीच का हो ते, नांदेडच्या स्टँडवरचे?
मी नाही म्हणणार होतो. सर्दी झालीय म्हणणार होतो.
ती म्हणाली,
लेकराला विष्णुपुरीच्या दवाखान्यात दाखवून निघाले होते,
रात्र झालेली, फलाट सापडेना.
किनवटची शेवटची गाडी निघत आहे,
तुम्ही तीनदा सांगितलंत.
तिसऱ्यांदा सांगितलंत म्हणून घावली.

मला हे आठवत नाही.
मी नेहमी तीनदाच सांगतो.
नियम आहे.

लेकरू बरं आहे का? द्वारकानं विचारलं.
ती पाण्याकडं बघत म्हणाली,
तेव्हा बरं झालं होतं.

त्यानंतर आम्ही तिघंही गप्प.
वाफेतून एक पान आलं, कुंडात पडलं,
गरम पाण्यावर थोडं फिरलं,
आणि कडेला जाऊन थांबलं.

उन्हं पायऱ्यांवर आली तेव्हा द्वारका म्हणाली,
परतीची गाडी कितीला आहे?
मला मिनिटासकट पाठ होतं.
म्हणालो, येईल.