पाठमोरे

हेलियमचा दिवा लागला की काचनळीत
पिकल्या जर्दाळूचा रंग सांडतो.
वर झाग्रेबात सकाळपासून बर्फ,
ट्रॅम चढणीला अडून राहिलेल्या.
खाली तळघरात आमचा पंप
दमेकऱ्यासारखा हवा उपसतोय, उपसतोय.
रिकामं करणं कधी संपत नाही,
हे त्याच्याकडून शिकावं.

आधी आर्गॉन. त्याची जुळी शिखरं
जिथल्या तिथे आली, की मगच पट्टी खरी मानायची.
मग ज्वोन्को चिमूटभर स्फटिक घालतो,
पांढरे, कापरासारखे
न वितळताच उडून जाणारे.
बोटांना मासळीचा वास राहतो.

एका रेणूत दोन नायट्रोजन.
मधे तीन पूल, दोन-दोन कार्बनांचे.
दोघांपाशी इलेक्ट्रॉनांची एकेक एकाकी जोडी,
कुठल्याच बंधात न गुंतलेली,
तोंड बाहेर, एकमेकींकडे पाठ.
कागदावर हिशेब सोपा:
दिसत नाहीत, म्हणजे बोलत नाहीत,
म्हणजे दोघींची ऊर्जा सारखी,
म्हणजे शिखर एकच.

आमचं सगळं शास्त्र म्हणजे एक वजाबाकी.
प्रकाशाने दिलं ते माहीत.
इलेक्ट्रॉन जेवढं घेऊन पळाला, ते त्यातून काढा.
उरलं ते, तो किती खोल बसला होता ते.
घरात असेपर्यंत त्याला कुणी मोजत नाही.

लेखणी साडेसातला चढली.
उतरली. सपाट चालली,
इतकी, की ज्वोन्कोने कोट घातला.
साडेनऊच्या पुढे पुन्हा चढली.

दोन.
मधे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून जास्त.
बोलणं असल्याशिवाय
एवढं अंतर पडत नाही.

सामोबोरच्या आमच्या घराला दोन दारं होती,
एक रस्त्याकडे, एक ओढ्याकडे.
बाबा आणि श्त्येफकाका अकरा वर्षं बोलले नाहीत.
कारण अक्रोडाचं झाड होतं. निदान आई तसं सांगायची.
आई मुरंब्याची बरणी तिकडच्या पायरीवर ठेवायची,
ती धुऊन, पालथी घालून परत यायची.
कुत्रा दोन्हीकडे जेवायचा.
आणि मी,
सांग असं कुणी न म्हणता सांगत सुटणारी.

मुलांना मी बजावते, अशा तुलना करायच्या नाहीत.
कार्बनला मुरंबा कळत नाही.

काका गेला तेव्हा बाबा
पहिल्यांदा ओढ्याकडच्या दाराने आत आले,
टोपी हातात घेऊन उभे राहिले
आणि कुणालाच नाही असं म्हणाले,
आता अबोला कुणाशी धरू?

एक काढून घेतला तरी बाकीचे
होते तसेच बसून राहतात,
असं आमच्या समीकरणात धरलेलं असतं.
सोयीसाठी. सगळेच धरतात.
बाबांनी त्या वर्षी अक्रोड वेचलेच नाहीत,
काळे पडून ओढ्यात गेले.

ज्वोन्को कागद फाडून दिव्याखाली धरतो.
यागोदा, यातलं डावीकडचं कुठल्या नायट्रोजनचं?
आणि हे पलीकडचं?

दोन्ही दोघांची, मी म्हणते.
त्याला पटत नाही.
तो पेन्सिलीने एकावर आडवी रेघ मारतो, खोडतो,
मग कोट काढून पुन्हा खुंटीला अडकवतो.